लांबलचक पाथ आणि मॅप केलेले ड्राइव्ह: स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या लहान-मध्यम ऑफिसांचे विंडोज सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. भोसरीतली मशिनशॉप, सदाशिव पेठेतली सीएंची ऑफिसं, प्रभात रोडच्या आसपासचे आर्किटेक्ट. प्रत्येकाचा कारभार निराळा, पण बॅकअपची किंवा फाइल हलवायची स्क्रिप्ट अडली की फोनवर येणारे प्रश्न तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग वापरा.

दिवसा हाताने चालवली की स्क्रिप्ट चालते. रात्री टास्क शेड्यूलरमधून (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारं विंडोजचं साधन) मात्र ‘पाथ सापडला नाही’ म्हणते, म्हणजे फाइलचा पत्ता सापडला नाही. असं का?

सर्वांत जास्त फोन याचेच येतात, म्हणून हा प्रश्न पहिला.

झेड ड्राइव्ह कॉम्प्युटरचा नसतो, लॉगिनचा असतो. सकाळी तुम्ही लॉगिन केलंत, तेव्हा विंडोजने त्या सेशनपुरती नोंद करून ठेवली की झेड म्हणजे सर्व्हरवरचं अमुक शेअर, म्हणजे इतरांसाठी खुला केलेला फोल्डर. रात्री दोन वाजता टास्क ‘युजर लॉगिन असो वा नसो, चालव’ या पर्यायाने सुरू होतं, तेव्हा त्याच्यासाठी नवं सेशन उघडतं. खातं तुमचंच असलं तरी सेशन वेगळं, आणि त्या सेशनला झेड ठाऊकच नसतो.

घरात सगळे ज्याला बाळू म्हणतात, त्याला कुरिअरवाला त्या नावाने शोधू शकत नाही. त्याला पेठ, घर नंबर, पूर्ण नाव लागतं. स्क्रिप्टचंही तसंच आहे. झेड:\बॅकअप असं न लिहिता \\सर्व्हर\शेअर\बॅकअप असा पूर्ण पत्ता लिहा. यालाच यूएनसी पाथ म्हणतात. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: ड्राइव्हचं अक्षर माणसाच्या सोयीसाठी आहे, स्क्रिप्टला पूर्ण पत्ताच द्यायचा.

पूर्ण पत्ता लिहिला, तरी रात्री ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं.

टास्कच्या जनरल टॅबवर ‘पासवर्ड साठवू नका’ अशी खूण असते, ती आधी पाहा. ती केलेली असेल तर टास्कला फक्त त्याच मशीनवरच्या गोष्टी उघडता येतात, नेटवर्क मिळत नाही. तिथेच तसं लिहिलेलं असतं, पण घाईत कोणी वाचत नाही.

दुसरं कारण म्हणजे टास्क ‘सिस्टम’ खात्यावर लावलेलं असणं. स्वतःच्या मशीनवर सिस्टम सर्वेसर्वा असतो. नेटवर्कवर मात्र तो त्या कॉम्प्युटरच्या खात्याने जातो. डोमेन (सगळ्या मशीनची खाती एकाच ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था) असेल तर शेअरवर त्या कॉम्प्युटर खात्याला परवानगी देता येते. डोमेन नसेल, नुसता वर्कग्रुप असेल, म्हणजे प्रत्येक मशीनची खाती वेगळी, तर सर्व्हर त्याला ओळखतच नाही. लहान ऑफिसात मी सरळ बॅकअपसाठी एक वेगळं खातं बनवतो, दोन्ही मशीनवर त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डचं, आणि ‘बॅच जॉब म्हणून लॉग ऑन’ हा हक्क त्याला देतो. मालकांचं स्वतःचं खातं टास्कला लावू नका. त्यांनी पासवर्ड बदलला की त्या रात्रीपासून बॅकअप बंद, आणि ते कळतं नेमकं गरज पडते त्या दिवशी.

‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं की झेड दिसेनासा होतो. मगाशी तर होता!

मूळ तेच. यूएसी (मोठे बदल करण्याआधी परवानगी विचारणारी विंडोजची सोय) चालू असताना ॲडमिन माणसाला विंडोज दोन टोकन, म्हणजे ओळखपत्रं, देतं, एक साधं आणि एक पूर्ण अधिकारांचं. दोघांची सेशन वेगळी. एक्सप्लोररमध्ये मॅप केलेला ड्राइव्ह साध्या सेशनमध्ये राहतो, ॲडमिन खिडकीला तो दिसत नाही.

रजिस्ट्रीत एचकेएलएमखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, सिस्टम इथे ‘एनेबललिंक्डकनेक्शन्स’ नावाचं डीवर्ड (आकडा ठेवणारी नोंद) १ केलं आणि मशीन रीस्टार्ट केलं, की दोन्हीकडे ड्राइव्ह दिसतो. एखादं जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर अक्षराशिवाय चालतच नसेल तर मी हे करतो. स्क्रिप्टसाठी करत नाही. रात्रीच्या टास्कला त्याचा उपयोगही होत नाही.

सीएमडीत (जुन्या कमांडच्या खिडकीत) ‘सीडी’ करून यूएनसी पाथवर जाता येत नाही. मग बॅच फाइल कशी लिहायची?

‘पुशडी’ वापरा. पुशडी \\सर्व्हर\शेअर\फोल्डर म्हटलं की तो झेडपासून मागे मागे जात पहिलं मोकळं अक्षर घेतो, तात्पुरतं मॅप करतो आणि तुम्हाला तिथे नेऊन उभं करतो. काम झालं की ‘पॉपडी’, म्हणजे अक्षर सुटतं. स्क्रिप्ट मध्येच बाहेर पडणार असेल, तर त्या वाटेवरही पॉपडी ठेवा. नाहीतर दर वेळी एकेक अक्षर अडकत जातं.

ही २६० अक्षरांची मर्यादा नक्की कशाची?

विंडोजच्या जुन्या एपीआयची, म्हणजे प्रोग्राम ज्यातून विंडोजकडून काम करून घेतात त्या जुन्या फंक्शनांची. ड्राइव्हचं अक्षर, कोलन, सगळे बॅकस्लॅश, फाइलचं नाव, एक्स्टेन्शन आणि शेवटचं न दिसणारं शून्य मिळून २६०. म्हणजे आपल्या हातात २५९. फोल्डर बनवताना मर्यादा त्याहून कमी, २४८, कारण आत निदान ८.३ पद्धतीचं (८ अक्षरं, टिंब, ३ अक्षरांचं एक्स्टेन्शन) १२ अक्षरांचं नाव मावलं पाहिजे.

विंडोज डिस्कवर फाइल ठेवतं त्या एनटीएफएस पद्धतीची मर्यादा ही नाही. तिथे एका नावाला २५५ आणि सगळ्या पाथला सुमारे ३२,७६७ अक्षरं चालतात. डिस्कवर फाइल व्यवस्थित असते, ती उघडायला निघालेल्या प्रोग्रामचा हात पोचत नाही. एक्सेलचा हात तर आणखी आखूड, फाइलच्या नावासकट २१८ अक्षरं.

एवढी मर्यादा आहे तर मुळात एवढ्या लांब पाथची फाइल तयार कशी होते?

लांब पाथ आणि मॅप केलेला ड्राइव्ह हे दोन विषय मी एकाच पानावर का घेतले, ते इथे कळेल.

सर्व्हरवर एक फोल्डर डी ड्राइव्हच्या बराच आत आहे, त्याच्यापर्यंतचा पाथच ४० अक्षरांचा आहे असं धरा. तोच फोल्डर शेअर करून ऑफिसातल्या सगळ्यांना वाय म्हणून मॅप करून दिला. त्यांच्या दृष्टीने तोच पत्ता आता वाय:\ एवढाच, ३ अक्षरांचा. कोणीतरी तिथे २५० अक्षरांच्या पाथवर फाइल ठेवते. तिच्या मशीनवर २५० म्हणजे मर्यादेच्या आत, विंडोज काही म्हणत नाही. सर्व्हरवर मात्र त्याच फाइलचा पाथ २८७ झाला. आता सर्व्हरवर बसून एक्सप्लोररने ती कॉपी करू गेलात की अडतं.

भोसरीतल्या एका वर्कशॉपचा जुना सर्व्हर बदलताना मी हे जवळून पाहिलं. ड्रॉइंगचा फोल्डर असा होता: ग्राहकाचं नाव, त्यात वर्ष, त्यात परचेस ऑर्डरचा नंबर, त्यात पार्टचं पूर्ण नाव, त्यात ‘फायनल’, त्यात ‘फायनल सुधारित’, आणि शेवटी ईमेलचा अख्खा विषय जसाच्या तसा फोल्डरचं नाव म्हणून. माझ्याआधी ज्यांनी कॉपी सुरू केली होती, त्यांनी सर्व्हरवरच एक्सप्लोररने ओढून टाकली होती. मधे मधे ‘नाव फार लांब आहे’ अशी खिडकी आली, त्यांनी ‘स्किप’ दाबलं आणि पुढे गेले. दोन आठवड्यांनी मशीनवरच्या ऑपरेटरने एका फिक्स्चरचं ड्रॉइंग मागितलं, ते नव्या सर्व्हरवर नव्हतं. जुनी डिस्क अजून फॉरमॅट झाली नव्हती म्हणून वाचलो. त्या गुरुवारी शॉप बंद होतं. मी जुना डबा टेबलावर घेऊन बसलो आणि दोन्हीकडच्या याद्या ताडून पाहिल्या. राहिलेल्या फाइल सगळ्यात ताज्या रिव्हिजनच्या होत्या, कारण पाथ खोल होत जातो तो दर सुधारणेला. जुनं काम नीट उतरलं होतं, चालू काम मागे राहिलं होतं.

म्हणून कॉपी करायच्या आधी मोजा. पॉवरशेलमध्ये (विंडोजची स्क्रिप्टची नवी भाषा) गेट-चाइल्डआयटम रिकर्स करून, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट, ज्यांच्या फुलनेमची (पूर्ण पाथची) लांबी २४० च्या वर आहे, त्यांची यादी काढा. आणि ती सर्व्हरवरच्या खऱ्या पाथवर काढा, वायवरून मोजलेली लांबी फसवी असते.

फाइलची नावं मराठीत असतील तर काही फरक पडतो का?

पडतो, आणि याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही.

विंडोज अक्षरं मोजतं ती युनिकोडची, आपण मोजतो ती डोळ्यांची. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, विंडोजला चार: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. ‘क्षेत्रफळ’ हे चार अक्षरी दिसणारं नाव मोजताना नऊ भरतं. जोडाक्षरांचा शब्द पाहता पाहता दुप्पट होतो. जमिनीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका वकिलांच्या ऑफिसात फोल्डरला गाव, गट नंबर आणि दोन्ही पक्षकारांची पूर्ण नावं देतात. तिथे चार पातळ्यांतच मर्यादा गाठली जाते.

बॅकअप एखाद्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर) जात असेल तर आणखी एक गाठ आहे. बहुतेक नॅसच्या आत लिनक्स असतं, आणि तिथल्या ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टममध्ये एका नावाला मर्यादा २५५ बाइटची असते. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. २५५ भागिले ३ म्हणजे ८५. विंडोजवर सुखाने नांदणारं ९० चिन्हांचं मराठी नाव नॅसवर उतरत नाही, आणि एकूण पाथ आखूड असतो म्हणून वरच्या यादीतही ते सापडत नाही. यासाठी फक्त नावाची लांबी तपासणारी वेगळी ओळ स्क्रिप्टमध्ये घाला. मी मर्यादा ८० धरतो.

मराठी नाव स्क्रिप्टच्या आतच लिहायचं असेल तर फाइल कशी सेव्ह केली यावर सगळं अवलंबून आहे. पॉवरशेल ५.१ साठी स्क्रिप्ट ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ अशी सेव्ह करा. बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची, एन्कोडिंग सांगणारी खूण. ती नसेल तर पॉवरशेल फाइलला जुन्या एन्कोडिंगमध्ये वाचतं, नावाच्या जागी कचरा येतो आणि मग ‘फोल्डर सापडला नाही’. बॅच फाइलचं उलटं: बॉमशिवाय सेव्ह करा आणि वर ‘सीएचसीपी ६५००१’ ही ओळ ठेवा, म्हणजे सीएमडी यूटीएफ-८ वाचतं. मराठी नावं बदलून इंग्रजी करा असं मी कोणाला सांगत नाही. ज्या भाषेत काम चालतं त्याच भाषेत फोल्डर असावेत, स्क्रिप्टने जुळवून घ्यावं.

रजिस्ट्रीत लांब पाथ चालू करता येतात ना? केलं, तरी अडतंच आहे.

विंडोज १० ची १६०७ ही आवृत्ती २०१६ मध्ये आली, तेव्हापासून आणि सर्व्हर २०१६ पासून ही सोय आहे. एचकेएलएमखाली सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, फाइलसिस्टम इथे ‘लाँगपाथ्सएनेबल्ड’ १ करायचं. ग्रुप पॉलिसीत ‘एनेबल विन३२ लाँग पाथ्स’ नावाने तेच आहे.

पण ही अर्धी किल्ली झाली. उरलेली अर्धी प्रोग्रामकडे असते: मला लांब पाथ समजतात, असं त्याने आपल्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीपत्रकात) जाहीर केलेलं असावं लागतं. दोन्ही जुळलं तर कुलूप उघडतं. फाइल एक्सप्लोरर ते सगळीकडे पाळत नाही, म्हणून सेटिंग करूनही उजव्या क्लिकने फाइल हलत नाही. शिवाय चालू असलेला प्रोग्राम जुनीच किंमत धरून बसतो, तो बंद करून पुन्हा उघडावा लागतो. पॉवरशेल ७ मध्ये लांब पाथचा त्रास जवळजवळ नाही, जमेल तिथे तेच घाला.

पाथच्या आधी \\?\ लावतात, ते काय असतं?

‘हा पाथ तपासू नकोस, जसा आहे तसा फाइल सिस्टमला दे’ अशी ती विंडोजला केलेली सूचना. मग २६० ची अट लागत नाही. डिस्कवरच्या पाथला \\?\डी:\डेटा असं लिहायचं. नेटवर्कच्या पाथला सुरुवातीचे दोन बॅकस्लॅश काढून \\?\यूएनसी\सर्व्हर\शेअर असं.

तपासणी बंद म्हणजे मदतही बंद. उलटी-सुलटी स्लॅश चालत नाही, दोन टिंबं देऊन वरच्या फोल्डरला जाता येत नाही, अर्धा पाथ चालत नाही. पॉवरशेल ५.१ मध्ये ‘-लिटरलपाथ’सोबतच द्या, कारण नुसत्या ‘-पाथ’ला ते प्रश्नचिन्ह वाइल्डकार्ड, म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’, वाटतं.

नावाच्या शेवटी स्पेस किंवा टिंब राहिलेला, एरवी उघडत नाही आणि पुसलाही जात नाही असा फोल्डर यानेच काढता येतो: आरडी (फोल्डर पुसायची कमांड) /एस /क्यू, आणि अवतरणात \\?\ लावलेला पूर्ण पाथ.

कॉपीसाठी तुम्ही स्वतः काय वापरता?

रोबोकॉपी. विंडोजमध्येच असते, पैसे लागत नाहीत आणि लांब पाथ मुळातच समजतात. एक्सकॉपी आता सोडा. पण रोबोकॉपीच्या काही खोडी माहीत असल्या पाहिजेत.

अडलेल्या फाइलसाठी ती मुळात १० लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. एक एक्सेल फाइल कोणी उघडी ठेवून घरी गेलं की सकाळी बॅकअप तिथेच ताटकळत उभा. /आर:२ /डब्ल्यू:५ (दोनच पुन्हा प्रयत्न, मध्ये पाच सेकंद) लिहिल्याशिवाय स्क्रिप्ट पुरी झाली असं समजू नका.

परतीचा कोड १ आला तर घाबरू नका. त्याचा अर्थ फाइल कॉपी झाल्या. ८ च्या खालचे सगळे कोड ठीक, ८ पासून पुढे बिघाड. टास्क शेड्यूलर शून्य सोडून काहीही आलं तरी ते जसंच्या तसं दाखवतो आणि माणूस उगाच धास्तावतो. स्क्रिप्टच्या शेवटी कोड ८ पेक्षा कमी असेल तर शून्य परत करा.

अवतरणातला पाथ बॅकस्लॅशवर संपवू नका. "डी:\डेटा\" असं लिहिलं तर शेवटचा बॅकस्लॅश बंद होणारं अवतरण गिळतो आणि पुढचा सगळा मजकूर त्याच पाथचा भाग होतो. "डी:\डेटा" एवढंच लिहा.

आणि /एमआयआर. स्रोतात नाही ते हा स्विच दुसऱ्या बाजूने पुसून टाकतो. स्रोत आणि गंतव्य यांची अदलाबदल झाली तर बॅकअपऐवजी मूळ डेटा जातो. आधी /एल लावून चालवा, म्हणजे नुसती यादी येते, हात कशालाच लागत नाही. ती यादी डोळ्यांनी वाचा. मगच /एल काढा. ही सवय मी कितीही घाई असली तरी मोडत नाही.

एक फोल्डर पुसलाच जात नाही. नाव फार लांब म्हणतो.

एक रिकामा फोल्डर बनवा आणि रोबोकॉपीने /एमआयआर लावून तो रिकामा फोल्डर त्या नकोशा फोल्डरवर उतरवा. आतलं सगळं जातं. मग दोन्ही फोल्डर साध्या आरडीने काढा. वर सांगितलेली /एल ची पायरी इथेही आहेच.

एरर १२१९ म्हणजे काय?

त्याच सर्व्हरला त्याच सेशनमधून दुसऱ्या युजरच्या नावाने जोडायचा प्रयत्न. विंडोज एका सर्व्हरला एका वेळी एकच ओळख चालवून घेतं. ‘नेट यूज’ नुसतं टाइप करून आधीची जोडणी पाहा, ‘नेट यूज \\सर्व्हर\शेअर /डिलीट’ने ती सोडा आणि मग नवी करा. ‘नेट यूज * /डिलीट /वाय’ असं सरसकट स्क्रिप्टमध्ये लिहू नका, त्या वेळी काम करत बसलेल्या माणसाचे सगळे ड्राइव्ह सुटतात.

५३ आला तर सर्व्हरपर्यंतच पोचलेला नाहीत. ६७ म्हणजे शेअरचं नाव चुकलं. ८५ म्हणजे ते अक्षर आधीच कोणीतरी घेतलेलं आहे. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चूक.

पॉवरशेलच्या न्यू-पीएसड्राइव्ह कमांडने ड्राइव्ह केला, पण रोबोकॉपीला तो दिसत नाही.

‘-पर्सिस्ट’ दिला नाहीत, तर तो ड्राइव्ह फक्त पॉवरशेलच्या आत असतो, बाहेरच्या प्रोग्रामला त्याचा पत्ता नसतो. रोबोकॉपीला यूएनसी द्या, ड्राइव्हची गरजच उरत नाही.

लाइट जाऊन आली की सगळ्यांच्या ड्राइव्हवर लाल फुली येते.

गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते त्या भागांतून शुक्रवारी सकाळी हा फोन येतोच. लाइट आली की डेस्कटॉप झटकन उठतात, सर्व्हर आणि स्विच उठायला वेळ घेतात. डेस्कटॉपने ड्राइव्ह शोधला तेव्हा पलीकडे कोणी नव्हतं, म्हणून फुली. बहुतेकदा डबल क्लिक केलं की जोडणी होते. सर्व्हर १५ मिनिटं शांत राहिलेली जोडणी आपणहून सोडतो, तेव्हाही फुली दिसते. तीही तितकीच निरुपद्रवी.

माणूस डबल क्लिक करतो, स्क्रिप्ट करत नाही. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला टेस्ट-पाथने यूएनसी पाथ तपासा, नसेल तर मिनिटभर थांबून पुन्हा, असं पाचेक वेळा. तरीही नाही मिळाला तर लॉगमध्ये स्पष्ट लिहून बाहेर पडा. तसंच पुढे जाऊ देऊ नका, विशेषतः पुढे /एमआयआर असेल तर.

सगळीकडे यूएनसी लिहिला आणि उद्या सर्व्हरचं नाव बदललं तर?

रास्त शंका आहे. डोमेन असेल तर डीएफएस नेमस्पेस लावा, म्हणजे सर्व्हरच्या नावाऐवजी कायमचं राहणारं नाव. मग पत्ता \\डोमेन\नेमस्पेस\ड्रॉइंग असा होतो आणि मागचा सर्व्हर बदलला तरी स्क्रिप्टला कळतही नाही. डोमेन नसेल तर पाथ प्रत्येक ओळीत लिहू नका. स्क्रिप्टच्या अगदी वर एका व्हेरिएबलमध्ये एकदाच लिहा, आणि चार-पाच स्क्रिप्ट असतील तर ती व्हेरिएबल वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवून सगळ्यांनी तिथूनच वाचू द्या. भोसरीच्या त्या वर्कशॉपमध्ये आता अशी एक फाइल आहे, आत तीन ओळी: जुना सर्व्हर, नवा सर्व्हर, नॅस. मागच्या वेळी नॅस बदलला तेव्हा त्यांच्या स्टोअरमधल्या ताईंनीच फोनवर विचारून तिसरी ओळ बदलली, आणि त्या रात्रीचा बॅकअप नव्या नॅसवर उतरला.